छत्तीस हजार किलोमीटरवरचा होकार

लोकांना इंटरनेट जोडून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा दोन घरं जोडणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मला वाटत होतं.

लग्न धाकट्या बहिणीने आपलं आपणच जमवलं होतं, तिच्याच दवाखान्यातल्या दंतवैद्याशी. राहिली होती ती फक्त दोन्हीकडच्या आईवडिलांची भेट. दंतवैद्याचे आईवडील एका आडबाजूच्या डोंगरावर मधमाश्या पाळतात. तिथे जायचं म्हणजे दिवसभर घाटातून वळणं घेत बसायचं, आणि आईला तर गाडी सुरू होण्याआधीच मळमळायला लागतं.

"कोणी कुठे जायचं नाही," मी घरात जाहीर केलं. "आमच्या कंपनीचा नवा उपग्रह अख्ख्या देशाला इंटरनेट पुरवतो. एका डोंगराला पुरवणार नाही?"

त्यांच्या छपरावर डिश बसवायला मी आमचा तंत्रज्ञ पाठवला. तो भोपळ्याएवढा कान घेऊन परत आला आणि अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण डिश बसली. रविवारी दंतवैद्य डोंगरावर आईवडिलांशेजारी बसला, आम्ही इकडे लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो. चित्र इतकं स्वच्छ, की त्याच्या वडिलांच्या भुवयांमधला पांढरा केसही दिसत होता. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

आता, उपग्रह खूप उंचावर असतो. आवाज वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. त्यात एखादा क्षण जातो. हा क्षण मला रोज भेटतो, म्हणून त्याच्याबद्दल घरी सांगायचं मला सुचलंच नाही.

बाबांनी विचारलं, आमची मुलगी पसंत आहे ना? समोर शांतता. मग सगळे हो म्हणाले.

"विचार करून हो म्हणाले," आई माझ्या कानात कुजबुजली.

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा विचारलं, "लग्न तुम्हाला मान्य आहे ना?" पुन्हा तीच शांतता. शांतता बाबांना कधीच सहन होत नाही. घाईघाईने ते पुढे म्हणाले, "की मनातून नकोच आहे?"

तेवढ्यात 'मान्य आहे ना'चं उत्तर येऊन पोचलं. दंतवैद्याचे वडील हसतमुखाने म्हणाले, "हो, अगदी मनापासून."

मग बाबांचं 'नकोच आहे?' तिकडे पोचलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांची बायको उठून आत गेली. मुलीच्या वडिलांनाच हे लग्न नको आहे, असा तिने अर्थ घेतला. दंतवैद्य काहीतरी बोलत होता, इकडून बहीणही बोलत होती. दोघं एकदम थांबायची आणि एकदम सुरू व्हायची. शेवटी बहिणीने लॅपटॉप मिटला.

मी उपग्रहाची उंची समजावून सांगितली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलायला तू आम्हाला छत्तीस हजार किलोमीटर फिरवून आणलंस?"

तांत्रिकदृष्ट्या आकडा त्याहून मोठा होता. मी उठून गाडीची किल्ली शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटात होतो. आईसाठी इतक्यांदा गाडी थांबवली, की पोचलो तेव्हा कोणाच्या अंगात रुसायचंही बळ नव्हतं. मधमाश्यांच्या पेट्यांपासून लांब, अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पाणीसुद्धा न घेता बाबांनी समोरासमोर विचारलं, "आमची मुलगी तुम्हाला पसंत आहे ना?"

दंतवैद्याच्या वडिलांनी बाबांकडे पाहिलं. मग पेट्यांकडे पाहिलं. गुडघा चोळला. आईने माझी बाही घट्ट धरली. बहीण दंतवैद्याकडे बघत होती आणि दंतवैद्य जमिनीकडे.

"हो," ते म्हणाले. "पसंत आहे. काल तेच सांगत होतो."

"हे असेच आहेत," त्यांची बायको पाण्याचे पेले ठेवत म्हणाली. "लग्न करू या का, असं मीच यांना विचारलं होतं. माझं जेवण संपलं, ताट धुऊन झालं, तेव्हा कुठे उत्तर आलं."

आई इतकी हसली की तिची मळमळ गेली. लग्नाचा महिनासुद्धा तिथेच ठरला. तो ठरायला मात्र बराच वेळ लागला.

निघताना बाबांनी मला गाडीमागे बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "त्या तुमच्या उपग्रहाला मी उगाच बोल लावला. त्याची काही चूक नव्हती रे."

होती. निम्मी तरी त्याचीच होती. पण समोर अख्खा घाट उतरायचा बाकी होता. मी म्हटलं, "सांगतो त्याला."