सायलेन्सर काढल्याची हकीकत

माणसाची प्रगती चारचौघांना कळेपर्यंत ती पूर्ण झाली असे मानता येत नाही. लग्नाला जसे साक्षीदार लागतात, तसे प्रगतीलाही लागतात. हिंदुरावांची प्रगती केवळ साक्षीदारांअभावी चार महिने रखडली होती.

हिंदुराव म्हणजे सोलापुरात शेती औषधांचे दुकान चालवणारे गृहस्थ. वय सेहेचाळीस, स्वभाव गरीब, आवाज मुळातच बारीक (दुकानात गिऱ्हाईक "आँ?" तरी म्हणे, घरात तेवढेही कोणी म्हणत नसे). त्यांनी नवी कोरी, उंच, पांढरी डिझेल गाडी घेतली. गाडीत सगळे होते, फक्त आवाज नव्हता. तो कंपनीने मोठ्या मेहनतीने काढून टाकला होता आणि वर त्याची जाहिरातही केली होती.

पहिल्याच रविवारी ते गाडी घेऊन सांगोल्याजवळच्या आपल्या गावी गेले. तिथे त्यांचे थोरले भाऊ आण्णा डाळिंबाची बाग सांभाळतात. हिंदुरावांनी गाडी अंगणात आणली आणि कोणी बाहेर येते का म्हणून आतच बसून राहिले. दहा मिनिटे झाली. एक शेळी टायर हुंगून गेली. शेवटी आण्णा चूळ भरायला बाहेर आले आणि म्हणाले, "कवा आलास? आन् कुणाची गाडी मागून आणलीस?"

हा घाव हिंदुरावांनी चार महिने जपला. मग एका सोमवारी दुकान बंद ठेवून ते विजापूर रोडवर कासीमभाईंच्या गॅरेजात गेले. कासीमभाई तीस वर्षे सायलेन्सरच्याच कामात. शहरातल्या निम्म्या गाड्यांना त्यांनी गप्प केले आहे आणि उरलेल्या निम्म्यांना बोलते.

"आवाज पाहिजे," हिंदुराव म्हणाले.

"आँ?" कासीमभाई म्हणाले.

"आवाज! सिंहासारखा."

कासीमभाईंनी गाडीखाली वाकून पाहिले, उठून हात पुसले आणि धंद्याला न शोभेल अशा प्रामाणिकपणाने सांगितले, "साहेब, डिझेल हाय ही. पेट्रोलच्या गाडीतनं डरकाळी निघते. डिझेलला सरळ पाईप लावला तर पाण्याचा टँकर चढाला लागल्यावानी वाटंल. आन् आत जाळी हाय, काजळी आडवायला. ती काढली तर सगळा धूर भायेर. कंपनीनं लई इचार करून बसवलंय की."

"कंपनीला माझ्या गावाला जायचं नाही, कासीमभाई."

कासीमभाईंनी पाना उचलला. त्यांनी सायलेन्सर काढला, जाळी काढली आणि त्या जागी बोअरला घालतात तसला सरळसोट पाईप बसवला. जाळी गेल्याचे गाडीच्या कॉम्प्युटरला कळते व तो लाल दिवा लावून बोंब मारतो. म्हणून लॅपटॉप जोडून, जाळी जागेवरच आहे असे त्याला पटवून देण्यात आले. कॉम्प्युटरने ते लगेच मानले. (या सगळ्या व्यवहारात दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता.)

गाडी चालू झाली तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवरचे सहा ग्लास आपोआप पुढे सरकले. हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आले. काही आनंदाने, बाकी धुराने.

पुढच्या रविवारी गावी जे स्वागत झाले, ते आमदारालाही मिळत नाही. गाडी वेशीच्या अलीकडे दीड किलोमीटर असतानाच सगळी आळी बाहेर आली. बायका पुढे, पोरे मागे, आणि प्रत्येकीच्या हातात घागर. हिंदुरावांनी काच खाली केली. सगळ्यात पुढे हंडा, कळशी आणि एक बादली अशी पूर्ण तयारी करून आलेली म्हातारी मायाक्का उभी होती. तिने गाडीला एक चक्कर मारली आणि विचारले, "नळी कुटं हाय?"

"कसली नळी, मावशी? गाडी हाय ही. माझी."

"मंग पानी न्हाय?"

"न्हाय."

"पानी न्हाय तर एवढी वरडतीया कशाला?"

हिंदुरावांनी हा प्रश्न मनावर घेतला नाही. लोक बाहेर आले होते, हे महत्त्वाचे. त्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे एकूण उपस्थिती त्रेपन्न, त्यापैकी घागरीसह एकोणपन्नास. उरलेल्या चौघांत आण्णा होते. ते म्हणाले, "म्हस आटली बघ तुझ्या आवाजानं," आणि हिंदुरावांना कितीतरी वर्षांनी वाटले की भावाने आपली दखल घेतली.

सोलापुरातही सुधारणा दिसू लागली. हिंदुराव राहतात त्या कॉलनीत चोवीस घरे आहेत. त्यापैकी तेवीस घरांतील मंडळी सकाळी पावणेसातला, म्हणजे गाडी तापवायच्या वेळेला, न चुकता उठू लागली. चोविसाव्या घरातल्या विजयमालाताई, म्हणजे हिंदुरावांच्या पत्नी, साडेसहालाच उठत, कानात कापूस घालायला. मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय असते. हिंदुरावांनी मोजला तर एकशे चार भरला. तो आकडा त्यांनी स्टेटसला ठेवला. तीन जणांनी अभिनंदन केले. ताप आहे आणि तो उतरून एकशे चारावर आलाय, असे त्यांना वाटले होते.

एकदा वाहतूक पोलिसाने अडवले. तो काहीतरी बोलला, पण ऐकू येईना, म्हणून त्याने हाताने खूण करून गाडी बंद करायला लावली. गाडी बंद होताच आवाज थांबला. आता आवाजच नाही म्हटल्यावर कारवाई कशावर करायची? दोघे कायद्याचा मान राखून वेगळे झाले.

तक्रार म्हणावी अशी एकच आली. शेजारच्या नागव्वा कडक भाकरी करून दुकानांना देतात. पापडासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरी गच्चीवर चादर टाकून वाळवायच्या, हा त्यांचा पंधरा वर्षांचा धंदा. एक दिवस त्या भाकरीची चवड घेऊनच दारात आल्या.

"अय्यो हिंदुराव, बघा की हे! दुकानवाला म्हणतो, ज्वारीची सांगितली, बाजरीची का पाठवली?"

हिंदुरावांनी भाकरी उजेडात धरली. खरेच बाजरीची दिसत होती. त्यांनी बोट फिरवले, बोट काळे झाले. क्षणभर त्यांना वाईटही वाटले. पण वाईट वाटणे म्हणजे पाईप काढणे, आणि पाईप काढणे म्हणजे पुन्हा अंगणात दहा मिनिटे आणि ती शेळी. ते म्हणाले, "मावशी, बाजरी थंडीत चांगली असते."

नागव्वांनी भाकरीची चवड उचलून घरी नेली. दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीवर वाळवायचे सोडून बंद खोलीत पंख्याखाली भाकरी वाळवू लागल्या, आणि त्यांचा निम्मा माल वातड पडू लागला. हिंदुरावांच्या दृष्टीने तक्रार निकाली निघाली.

असे जवळजवळ वर्ष गेले. मग तो गुरुवार आला.

हिंदुराव सकाळी गावी गेले होते, जेवून परत निघाले. सोलापूरच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते, एकाच बाजूने वाहतूक. हिंदुराव मधोमध, रमतगमत, गाडीचा आवाज ऐकत चालले होते. मागे काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत व्हायला मार्गही नव्हता. मागचे ऐकू येत नव्हते ते आवाजामुळे, आणि आरशात दिसत नव्हते ते धुरामुळे. खिशात फोन सतरा वेळा वाजला. तोही त्यांना कळला नाही.

मागे रुग्णवाहिका होती. सायरन चालू, दिवे चालू, चालकाचा एक हात हॉर्नवर आणि दुसरा कपाळावर. आत आण्णा होते. हिंदुराव निघताच आण्णांच्या पाठीतून कळ निघाली ती थांबेना. तोंड पांढरे पडले, उलट्या सुरू झाल्या. सांगोल्याच्या डॉक्टरांनी मुतखडा अडकला म्हणून लगेच सोलापूरला हलवायला सांगितले. आपल्या भावाच्या मागे ते तसेच पावणेदहा किलोमीटर, सगळा धूर खात, विव्हळत आले.

वाटेत विजयमालाताईंचा अठरावा फोन लागला तो हिंदुरावांनी गाडी चहाला थांबवली म्हणून. ते दवाखान्यात पोचले तेव्हा आण्णांना आत नेलेले होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांना दिसले, रुग्णवाहिका दारात उभी आहे, आणि तिचा पुढचा भाग काजळीने बाजरीच्या भाकरीसारखा झालेला आहे. ते उठून तिच्यावर बोट फिरवून आले, बोट काळे झाले होते. विजयमालाताई शेजारी बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "कापूस देऊ का?"

आण्णा वाचले. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी धाकट्या भावाला जवळ बोलावले.

"हिंद्या, सायरन ऐकाय आला न्हाय व्हय तुला?"

हिंदुरावांनी मान खाली घातली.

"डायवर म्हनत हुता, म्होरं टँकर हाय, सरकंना. म्या म्हनलं, टँकर न्हवं बाबा, भाऊ हाय माजा. त्यो ऐकायचा न्हाय." आण्णा दमले होते, तरी म्हणाले, "गाडी चांगली हाय पर. त्या दिशीच म्हनायचं हुतं, ऱ्हाऊन गेलं."

हिंदुराव बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. अगदी बारीक आवाजात.

दुसऱ्या दिवशी ते कासीमभाईंकडे गेले. जुना सायलेन्सर भंगारात गेला असेल अशी त्यांना भीती होती. कासीमभाईंनी शिडी लावून फळीवरून कापडात बांधलेला ऐवज खाली काढला. फळीवर तसलीच तीसेक गाठोडी होती, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नाव.

"सगळी परत येत्यात साहेब," कासीमभाई म्हणाले. "कुणाच्या आईला दमा व्हतो, कुणाचं बाळ झोपंना. घरात काय तरी झालं की येत्यात. तवर दुसऱ्याच्याच घरात असतंय."

जाळी बसली, सायलेन्सर बसला, कॉम्प्युटरला खरे सांगण्यात आले. नागव्वांच्या दारात जाऊन हिंदुरावांनी हात जोडले; त्यांनी भाकरी दिली, पांढरी. आता धुराचे प्रमाणपत्र तेवढे नव्याने घ्यावे असे हिंदुरावांच्या मनाने घेतले. आधीचे होते (धूर ऐन भरात असताना, गाडी घरी उभी ठेवून मोबाईलवर मागवलेले, त्यात धुराचे प्रमाण 'उत्तम'). पण त्यांना खरे हवे होते.

तपासणी केंद्रावरचा माणूस गाडी पाहून गोंधळला. "गाडी कशाला आणली?"

"तपासायला."

"गाडी न्हाय तपासत साहेब. नंबर तपासतो आमी."

हिंदुराव हटून बसले. तेव्हा यंत्रामागून नळी शोधून काढण्यात आली, तिच्यातले कोळ्याचे जाळे काडीने ओढले आणि ती गाडीला लावली. यंत्राने खूप दिवसांनी श्वास घेतला, ठसकले आणि गाडी नापास केली. माणसाला दया आली. "नळीतच घाण हाय," तो म्हणाला, "तुमी जरा मागं व्हा, नंबरप्लेटचा फोटू काढतो." दीड मिनिटात गाडी पास झाली.

हिंदुराव कागद घेऊन वळले, तर मागे सात जणांची रांग. गाडी एकाकडेही नव्हती. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये नंबरप्लेटचा फोटो. त्यातल्या तिसऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि त्रासून म्हटले, "ओ काका, गाडी काढा की लवकर, धूर होतोय."

तो तिसरा कोण, हे हिंदुरावांनी सांगितले नाही. पण तो रुमाल तुमच्याच खिशात आहे, तेव्हा तुम्हाला ते आठवत असेल.