कुत्र्याचं कोपर

सकाळी दूध डेअरीसमोर, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या मधोमध खोमणे सर रांगत होते. वय सत्तरीला आलेलं, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी.

"बघा नीट. हितं कोपर, मागं गुडघा. आता सांगा, कुत्र्याचा पुढचा पाय म्हंजे काय?"

"हात व्हय, सर?"

"मग हाताला गुडघा असतो का, बैलांनो?"

ज्याच्यासाठी हा तास चालला होता, तो सरांचा लॅब्रॅडोर बुलेट पुढचा डावा पाय उचलून शेजारी बसला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून कोपराचा सांधा खराब असल्याचं सांगितलं होतं. तरी सगळं वडगाव 'कुत्र्याचा गुडघा गेला' म्हणायचं, आणि चुकीचं उत्तर सरांना सोसत नसे.

सर आमचे शेजारी. हायस्कुलात पी. टी. शिकवून निवृत्त झालेले. मी बारामतीला इंग्रजी शाळेत जायचे, म्हणजे त्यांची विद्यार्थिनी नव्हे. पण तेवढ्यानं सुटका नव्हती. माझी बस यायच्या आत गल्लीतल्या सगळ्या पोरांना ते कालव्यापर्यंत पळवून आणायचे. "पळा! पळल्यानं सगळं बरं हुतं." त्या 'सगळ्या'त सर्दी, रुसवा आणि गणित असं तिन्ही यायचं. मला ते आवडायचं. पळताना कुणाशी बोलावं लागत नाही. बुलेट तेव्हा तीन महिन्यांचा होता. सरांच्या सायकलमागं तोही पळायचा.

मी पुण्याला नोकरीला लागले तोवर तो लंगडायला लागला होता. डॉक्टरांनी सांध्याच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. "यानं दुखणं जरा हलकं होईल. सांधा नवा होणार नाही. आधी वजन उतरवा," असं बजावलं. सरांनी बुलेटचं दूध तोडलं, रोज घड्याळ लावून गोळी सुरू केली, आणि 'नवा होणार नाही' हे ऐकलंच नाही.

सरांच्या बायको, आमच्या काकू, माळकरी. "माशाचं त्याल उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाय," म्हणाल्या. डबे गोठ्यातल्या कोनाड्यात गेले. बुलेट भाकरी खायचा आणि आतली गोळी चाटूनपुसून स्वच्छ बाहेर ठेवायचा. शेवटी सरांनी त्याच्यासमोर एक गोळी स्वतः चावून दाखवली.

"कडू हाय, पण जाती!"

"आता तुमीबी भुंका," काकू म्हणाल्या.

गेल्या दिवाळीत मी घरी आले होते. सरांनी कुंपणावरूनच हाक मारली, "ए इंग्लिश मीडियम, हिकडं ये. नवा डबा आलाय, कागद वाचून दाव."

गोठ्याच्या पायरीवर बसून मी मराठीत सांगू लागले. हा आजार का होतो, याची कारणं टिंबं देऊन एकाखाली एक छापली होती. आनुवंशिक दोष. फार भराभर वाढ. जास्त वजन. मग मी गोळी कशी द्यायची त्यावर आले.

"थांब," सर म्हणाले. "टिंबं चार हायत. तू तीनच वाचलीस."

मी चौथं वाचलं. पिल्लू असताना कडक रस्त्यावर फार पळवणं.

सर उठायला गेले. बुलेटनं त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकली होती, म्हणून त्यांना पाय हलवता येईना. बसूनच म्हणाले, "मला वाटायचं, त्याला आवडतंय."

"आवडायचं, सर. मी मागून बघायचे ना."

"व्हय?"

"व्हय."

त्यांनी बुलेटच्या कोपरावर हात ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांग की. कसा पळायचा?"

मग मी सांगत गेले. कालव्याच्या वळणावर तो मागं पडायचा, एखाद्या बेडकापाशी थांबायचा, आणि सायकल दिसेनाशी झाली की दोन्ही कान उडवत असा सुटायचा, की आम्ही सगळी पोरं त्याला वाट द्यायला बाजूला व्हायचो.