खोकल्याला पैकीच्या पैकी

चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी! भूमितीला पाहून पळणारी पोरं माझ्या वर्गात प्रमेयांना मिठ्या मारायची. (मिठ्या नसतील मारत, पण पळत नव्हती एवढं खरं.) त्यामुळे नातीची प्रवेश परीक्षा आली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, "क्लासबिस काही नको! भिंगरीला मी तयार करतो!"

भिंगरी म्हणजे आमची नात. तिला विमानं बनवायची आहेत, आणि ते शिकवणाऱ्या विद्यालयाचं दार गणिताच्या एकाच पेपरावर उघडणार होतं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलीने काळा करायचा.

सरावाचा पहिला पेपर तिने माझ्या शेजारी बसून सोडवला. चाळीसपैकी चाळीस! दुसरा पेपर, पुन्हा चाळीस! मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. चुकून लागलेल्या एका नंबरवरच्या गृहस्थांनाही सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, बिचाऱ्यांनी.

मग आमच्या हिने घोटाळा केला.

"अहो, केवढा खोकता! पोर पेपर सोडवायला बसली की तुमचं ठॉ-ठॉ सुरू!"

"मी? खोकतो?"

"नाही, कपाट खोकतं! चला डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं. दोन चमच्यांत घसा असा झाला, जणू आत कुणी गालिचा अंथरलाय! त्या दिवशीच्या पेपरात भिंगरीला चाळीसपैकी अकरा.

घरात हाहाकार! सूनबाई म्हणाली, "डोळे तपासून आणते." ही म्हणाली, "पोरीला झोप पुरत नाही." मी म्हटलं, "पेपरच चुकीचा छापलाय!" आणि चाळीसही गणितं स्वतः सोडवली. छपाई चोख होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर घारीसारखी आहे. पुढच्या पेपरात नऊ!

"अगं, झालंय तरी काय तुला?" मी कळवळून विचारलं.

भिंगरी रडकुंडीला आली. "आबा, तुम्ही हल्ली खोकतच नाही!"

"त्याचा काय संबंध?"

"पेन्सिल चुकीच्या गोलावर गेली की तुम्ही खोकायचात. बरोबर गोलावर आली की गप्प व्हायचात. मी आपली हळूहळू फिरवत न्यायचे."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, ही तुमची पद्धतच आहे! शाळेत नव्हता असं करत?"

ही पदर तोंडाला लावून आत पळाली. मी चौतीस वर्षांच्या निकालांबद्दल विचार करायचं तूर्त टाळलं.

आता करणार काय? पोर चुकताना दिसली की माझा घसा आपोआप खाकरतो, त्याला मी तरी काय करू! शेवटी सरावाच्या वेळी हिने मला गच्चीत कोंडलं. आत पोर चुकत होती, खोडत होती, पेन्सिल आपटत होती. बाहेर मी कुंड्यांसमोर येरझारा घालत होतो. पेपर संपला की मला सोडायचे. मग आम्ही दोघं चुकलेली गणितं घेऊन बसायचो. अकराचे सतरा झाले, सतराचे पंचवीस. तिसापुढे मात्र गाडी हलेना, आणि प्रवेशाला एकतीस हवे होते!

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा. भिंगरी बाहेर आली ती लालबुंद होऊन!

"आबा, आमच्या पर्यवेक्षकांना सर्दी झाली होती!"

"म्हणजे... ते खोकत होते?"

"सारखे! मी पेन्सिल टेकवली की ठॉ! चार बरोबर उत्तरं खोडली मी. मग वैतागले. मनात म्हटलं, खोका किती खोकायचं ते! आणि खोडलेली परत केली."

निकाल लागला. चाळीसपैकी एकतीस. विमानांचं दार उघडलं!

संध्याकाळी शेजारीण आपल्या लेकीला घेऊन हजर. "सर, हिलाही शिकवा ना. तुमची पद्धत काय हो?"

मी खुर्चीत सावरून बसलो. घसा साफ केला.

आतून हिचा आवाज आला, "दोन चमचे औषध, आणि गच्चीच्या दाराला कडी!"