डोकं उत्तरेला

सविताबाईंनी खोलीतल्या पलंगाकडे एकदा पाहिलं आणि हातातली पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "अहो, ह्याच्यावर निजलं तर डोकं कुठल्या दिशेला येतंय?"

भागवतरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते काचेच्या भिंतीला नाक लावून उभे होते. सातवा मजला, खाली ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक शहर, ट्राम, लाल-पिवळी घरं आणि समोर आल्प्सचा डोंगर. इतका जवळ की हात लांब केला तर कड्याला लागेल असं वाटावं. कोल्हारच्या वीस शेतकऱ्यांच्या सहलीत डोंगर दिसणाऱ्या खोल्याच पाहिजेत, असा हट्ट भागवतरावांनीच धरला होता. गावच्या पाणी वाटप संस्थेचे ते अकरा वर्षं चेअरमन होते. त्यामुळे आपण म्हणू ते सगळ्यांच्या भल्याचंच असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"मी काय इचारते?"

"अगं, डोंगर बघ आधी! पलंगावर पडल्या पडल्या दिसतो. पायाशी डोंगर!"

"डोंगर पळून चाललाय का? दिशा बघा."

भागवतरावांनी खिशातून मोबाईल काढला, होकायंत्र उघडलं, मोबाईल उशीजवळ धरला आणि त्यांचा चेहरा पडला. "उत्तर," ते म्हणाले.

"उत्तरेला मड्याचं डोकं ठेवत्यात," सविताबाई म्हणाल्या. "मी न्हाई निजायची."

सविताबाई रात्रभर विमानात बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तीन वाजता बस निघणार होती. ती तारेवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्याच्या गाडीपाशी नेणार आणि गाडी वर बर्फात. तोवर दोन तास झोपा, असं सहल नेणाऱ्या मोनिकानं सगळ्यांना बजावलं होतं. उद्या सकाळी सहाला मुक्काम हलणार होता, म्हणजे बर्फ आजच. आणि सविताबाई आल्या होत्या त्या फक्त बर्फासाठी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण गोठ्यातल्या म्हशी सोडून त्या कधी एक रात्र बाहेर राहिल्या नव्हत्या. या वेळी म्हशी जाऊबाईंच्या, बनुबाईंच्या गळ्यात घातल्या आणि निघताना सांगून आल्या, "बर्फाला हात लावल्याबिगर मी माघारी यायची न्हाई." डोंगर, ट्राम, चॉकलेट यातलं त्यांना काहीही नको होतं.

"उशा पायथ्याला घेऊ," त्यांनी सोपा उपाय सुचवला. "दोन तासांचा तर प्रश्न हाय."

"मग डोंगर डोक्यामागं जातो!" भागवतराव कळवळले. "डोंगराची खोली भांडून घेतली, ती काय दाराकडं तोंड करून निजायला? त्यापेक्षा पलंगच फिरवू. आडवा लावू. डोकं पूर्वेला आन् डोंगर कुशीवर. दोन्ही साधतं."

"पलंग फिरवू नका. परक्याचं घर हाय."

"तू फक्त त्या बाजूनी धर."

पण पलंगाला हात घालण्याआधी चेअरमनचं कर्तव्य होतं. त्यांनी उशीजवळच्या होकायंत्राचा फोटो काढला, सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सूचना : सर्व खोल्यांत डोके उत्तरेला येत आहे. तरी सर्वांनी पलंग आडवा करून घ्यावा. – भागवत.' पाच मिनिटांत सात अंगठे आले. शेजारच्या खोलीतल्या कल्याणनं तर हात जोडून लिहिलं, 'चेअरमनसाहेब, तुम्ही आहात म्हणून.' सविताबाईंना ते वाचून दाखवताना भागवतरावांची छाती जरा पुढे आली होती.

पलंग अवजड निघाला. दोघांनी दम लावून तो भिंतीपासून ओढला, आडवा केला, आणखी थोडा ढकलला. तेवढ्यात त्याचं एक टोक कपाट आणि बाथरूमची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरलं. भागवतराव म्हणाले, "अजून जरासा." जरासा ढकलला आणि खाडकन आवाज होऊन पलंग बसला तो बसलाच. दुसरं टोक टेबलाला टेकलं होतं. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"झालं का समाधान?" सविताबाईंनी विचारलं.

"डोकं पूर्वेला आलंय," भागवतराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

"आन् दार?"

भागवतरावांनी दाराकडे पाहिलं. दार आत उघडणारं होतं आणि बोळातल्या पलंगाचं टोक नेमकं त्याच्यासमोर आलं होतं. पलंगावर चढून, वाकून त्यांनी कडी ओढून पाहिली. दार चार बोटं उघडलं आणि पलंगावर आपटून थांबलं.

यात भर म्हणून पलंगाची कड भिंतीवरच्या बटणांना भिडली होती. त्यातलं एक बटण खिडकीच्या पडद्याचं निघालं. पडदा आपोआप खाली आला. भागवतरावांनी पलंगाला धक्का दिला, पडदा वर गेला. धक्का थांबवला, पडदा परत खाली. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती खिडकी आता दर धक्क्याला एकदा डोंगर दाखवत होती आणि लगेच झाकत होती.

"दोन वाजून दहा मिंटं झाली," सविताबाई म्हणाल्या. झोपेचं नाव आता त्यांनी सोडून दिलं होतं.

"मी खाली फोन लावतो."

खालचा फोन लागेना. एकदा लावला, चारदा लावला, दर वेळी तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलण्यात गुंतलेला. मोनिकाचाही तसाच. भागवतराव चिडले. "एवढं मोठं हाटेल आन् फोन उचलायला मानूस न्हाई! आपली संस्था बरी."

"तुमच्या संस्थेचं नाव काढू नका," सविताबाई म्हणाल्या.

अडीच वाजले. पावणेतीन झाले. सविताबाईंनी स्वेटर घातला, त्यावर दुसरा घातला, कानाला रुमाल बांधला, पायात नवे बूट चढवले आणि फसलेल्या पलंगावर मांडी घालून बसल्या. तीन वाजता त्यांचा आवाज फुटला.

"एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली. साडी न्हाई, सोनं न्हाई. मूठभर बर्फ! बस गेली असंल आता. माघारी गेल्यावर बनुबाईंना काय सांगू? डोकं पूर्वेला करून खोलीत बसले हुते म्हणून?"

बायको भांडली तर भागवतरावांना बोलता यायचं. ती रडवेली झाली की त्यांचं चेअरमनपद गळून पडायचं. "चुकलं माझं," ते म्हणाले. गेल्या किती वर्षांत हे वाक्य त्यांनी घरात उच्चारलं नव्हतं.

तेवढ्यात दाराच्या चार बोटांच्या फटीत मोनिकाचा अर्धा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"काका," ती म्हणाली, "तुम्हीपण?"

"म्हंजे? आनखी कोन?"

"सात खोल्या! सात खोल्यांत पलंग फिरवलेत आणि सातही दारं बंद. हॉटेलचे लोक मला विचारतायत, हा तुमचा कुठला सण आहे का? मी काय सांगू?"

"बस?" सविताबाई ताडकन उठल्या. "बस गेली का?"

"कशी जाईल, काकू? बसमध्ये सहाच माणसं आहेत! ड्रायव्हर म्हणतो, पावणेचारपर्यंत थांबतो, पुढे एक मिनिट नाही." तिनं फटीतून एक पाना आत सरकवला. "हॉटेलचा माणूस म्हणतो, पलंगाचे पाय फिरवून काढा, म्हणजे तो खाली बसेल आणि सरकेल."

पाना हातात आल्यावर भागवतराव वेगळाच माणूस झाले. विहिरीवरची मोटर त्यांनी उभ्या जन्मात मेकॅनिकला दाखवली नव्हती. ते पलंगाखाली सरपटले, चारी पाय काढले, पलंग दणकन जमिनीवर आला आणि सविताबाईंनी तो एकटीनं मागे ओढला. दार उघडलं.

"तू जाऊन बसमधी बस," भागवतराव म्हणाले.

"मी बसते. तुमी बाकीच्यांचे पलंग सोडवून या. सूचना तुमचीच हुती."

मग कोल्हारचे चेअरमन पाना घेऊन सातव्या मजल्यावर दारोदार फिरले. काही ठिकाणी फटीतून हात घालून, काही ठिकाणी आतल्या माणसाला ओरडून शिकवत. आत अडकलेल्या पुंजारामला फटीतून दिलेला पाना पलंगाखाली हरवला, तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. एका खोलीत राहीबाई नावाची म्हातारी फिरवलेल्या पलंगावर गाढ झोपली होती आणि तिला उठवायलाच वेळ लागला. तीन चव्वेचाळीसला सगळे बसमध्ये होते. ड्रायव्हर भागवतरावांकडे पाहून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. त्याचा अर्थ विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

पाळण्याची गाडी त्यांना वर घेऊन गेली. बर्फ होता. भरपूर होता. सविताबाई दार उघडताच खाली उतरल्या, चार पावलं चालल्या, वाकल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात घातले. काही वेळ त्या तशाच राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "लई गार हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. भागवतराव जवळ जाऊन उभे राहिले. त्यांनाही बरं वाटलं. शेवट गोड झाला, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मोनिकानं सगळ्यांना कठड्यापाशी बोलावलं. "ते खाली आपलं हॉटेल. आणि आपण उभे आहोत ही शहराच्या उत्तरेकडची रांग. आपल्या खोल्यांच्या खिडक्यांतून दिसते ती हीच."

वीस माणसं मनातल्या मनात हिशोब करत होती. खिडकी उत्तरेला. खिडकीकडे पाय. म्हणजे पाय उत्तरेला. म्हणजे डोकं...

"दक्षिणेला," कल्याण म्हणाला. "चेअरमनसाहेब, डोकं दक्षिणेलाच हुतं. पयल्यापासनं."

"मोबाईल उत्तरच दाखवत हुता," भागवतराव घाईघाईनं म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी होकायंत्र उघडून मोबाईल पुढे केला.

"ह्या कव्हरला चुंबक हाय ना झाकन चिकटायला?" कल्याणनं कव्हर उपसून काढलं. सुई गर्रकन अर्धा फेरा फिरली आणि थांबली.

भागवतरावांनी मान वर केली. सहलीतली सगळी मंडळी वाकून बर्फाचे गोळे करत होती. म्हातारी राहीबाईसुद्धा.

"थांबा," मागून सविताबाईंचा आवाज आला. त्यांचा गोळा केव्हाच तयार होता आणि तो नारळाएवढा होता. "कुनी मारायचं न्हाई. पयला मान माझा."

आणि भागवतरावांनी, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, कसलीही सूचना न करता मान खाली घातली.