न आलेल्या गिऱ्हाइकाचं काय करता?

"चहा घेता का?" एवढं साधं विचारलं तरी तात्या लगेच 'हो' म्हणत नाहीत. आधी विचारतात, "सूचक कोण?"

आपण म्हणायचं, "मी."

"अनुमोदक?"

तिथे असलेल्या कुणीतरी हात वर करायचा. मग तात्या मान डोलावतात, "सर्वानुमते मंजूर. आणा." आणि मगच कप हातात घेतात. मी बदली होऊन सिरसाळ्याच्या शाळेत आलो आणि तात्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आठवडाभरात कळलं की ते अगदी गंभीर आहेत. त्यांच्या आयुष्यात ठरावाशिवाय भेंडीसुद्धा शिजलेली नाही.

याला कारण त्यांची नोकरी. एका सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसात संचालक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांनी उभी हयात केलं. कोण काय बोललं, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, सगळं वळणदार अक्षरात. पुढे दुष्काळ लागला. एका हंगामात ऊस नाही म्हणून कारखाना बंद राहिला, पुढच्याला पाणी नाही म्हणून, आणि त्यानंतर कुणी कारण सांगायचंही सोडून दिलं. कारखाना गेला, पण सूचक-अनुमोदक तात्यांच्या जिभेवर राहिले.

घरात अनुमोदनाचं काम त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडे होतं. तात्यांनी ओट्यावरून काहीही मांडलं की काकू आतून नुसतं "हं" म्हणायच्या. मी यायच्या आधीच काकू वारल्या आणि ती जागा रिकामी झाली. मी राहायला आल्यावर महिनाभराने तात्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मास्तर, रिक्त पदावर तुमची निवड झालीय."

"कुणी केली?"

"मी सुचवलं. विरोधात कुणीच न्हाई."

तर असा मी अनुमोदक झालो, आणि म्हणूनच चष्म्याच्या दुकानाच्या भानगडीत सापडलो.

दुकान खरं तर रोहिणीचं. रोहिणी म्हणजे तात्यांची एकुलती एक मुलगी. परळीला दिलेली. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण अंबाजोगाईला घेतलेलं. बाजाराच्या रस्त्यावर तिने दुकान टाकलं. ती रोज परळीहून स्कूटीवर यायची, डोळे तपासायची, संध्याकाळी परत जायची. गल्ल्यावर तात्या. नंबर, फ्रेम, काचा, लातूरहून काचा घासून आल्या की नाहीत, हे सगळं ते इतिवृत्तात लिहीत. 'श्री. ज्ञानोबा यांनी काळी फ्रेम सुचविली. त्यांच्या पत्नीने अनुमोदन दिले नाही. सबब तपकिरी.'

वाचायला मजा यायची, पण शोधायला काही सापडायचं नाही. एकदा दोन ज्ञानोबांचे चष्मे उलटसुलट गेले. त्यातला एक ज्ञानोबा आठवडाभर दुसऱ्याचा चष्मा लावून गावात हिंडला. रोहिणीने विचारलं, "काका, दिसत न्हाई तर सांगितलं कावून न्हाई?"

"दिसत न्हाई, पोरी," तो म्हणाला, "पण ऐट लई दिसती."

त्या दिवशी रोहिणीने डोक्याला हात लावला. "बाबा, बास झालं. चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर मिळतंय. गिऱ्हाइकाचा नंबर, ऑर्डर, कुणाला परत कधी बोलवायचं, सगळं एका जागी. तुम्ही पसंत करा, कारण दिवसभर तुम्हालाच वापरायचंय. पण ह्या महिन्यात ठरलं न्हाई, तर मी लातूरच्या दवाखान्यात नोकरी धरते. बोलावणं आलंय त्यांचं."

रोहिणी लातूरला जाणार म्हणजे दुकान बंद, आणि रोज सकाळी दारात वाजणारा स्कूटीचा हॉर्नही बंद. तात्यांचा चेहरा उतरला. पण उतरल्या चेहऱ्यानेच ते म्हणाले, "ठीक हाय. आधी कंपन्यांची माणसं बोलावू, मग इचारू, मग ठराव." आणि माझ्याकडे वळले, "मास्तर, तुमच्याकडं लॅपटॉप हाय ना?"

पहिला माणूस औरंगाबादहून आला. गळ्यात टाय, अंगाला घाम. त्याने माझ्या लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले. कोणती फ्रेम जास्त खपते, कोणत्या वारी गर्दी होते. तात्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मग विचारलं, "ते आलेल्या गिऱ्हाइकाचं झालं. न आलेल्या गिऱ्हाइकाचं काय करता?"

"म्हणजे?"

"म्हंजी चष्मा करायला टाकला आणि न्यायलाच आला न्हाई. तो."

"त्याची सोय आहे सर." त्याने एक बटण दाबलं. "ठराविक मुदतीनंतर ते नाव आपोआप 'निष्क्रिय' यादीत जातं. ऑर्डर रद्द. फ्रेम पुन्हा विक्रीला."

"निष्क्रिय?" तात्या खुर्चीतून उठले. "दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातंय. पहाटेपासून थंडीत कोयता मारणाऱ्या माणसाला तुमी निष्क्रिय म्हंता? निष्क्रिय तुमचा तो टाय हाय. एवढ्या उन्हात त्याचा उपयोग काय, सांगा."

तो बिचारा चहाही न घेता गेला. अनुमोदन द्यायला मी हात वर केला होता, तो तसाच राहिला.

पुढची पुण्याची एक कंपनी. ते फोनवरूनच दाखवणार होते. रेंज यावी म्हणून आम्ही गच्चीवर टाकीच्या बाजूला बसलो. टाकी रिकामीच असायची, टँकर आठवड्यातून कधी तरी यायचा, त्यामुळे तिच्यात आवाज घुमून पुण्याचा मुलगा आमच्याशी गुहेतून बोलल्यासारखा वाटत होता. त्याने सांगितलं, चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मेसेज जातो.

"लिहून?" तात्या म्हणाले.

"हो काका, लगेच."

"त्याला जवळचं दिसत न्हाई म्हणून तो चष्मा करायला टाकून गेला. आता चष्मा तयार हाय हे तुमी त्याला बारीक अक्षरात लिहून कळवता?"

पलीकडून फोन बंद झाला. तात्यांना वाटलं रेंज गेली. मला मात्र वाटतं, मुलानेच ठेवला असावा.

मी एकदा त्यांना विचारलं, "तात्या, न आलेल्या माणसाचं तुमाला एवढं का पडलंय?" मराठवाड्यात राहून माझंही 'तुम्हाला'चं 'तुमाला' झालं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "बैठकीचं इतिवृत्त लिहिताना मी गैरहजरांची नावं आधी लिहायचो. साहेब रागवायचे. पण हजर असतो तो सगळ्यांना दिसतोय. गैरहजराचं नाव न्हाई लिहिलं, तर तो सभासद हाय हेच लोक इसरतेत."

महिना संपत आला. रोहिणी लातूरचे फोन दुकानाबाहेर जाऊन घ्यायला लागली होती. तात्या त्या वेळी समोरचा आरसा पुसत बसत. स्वच्छ आरसा पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात अंबाजोगाईहून शबाना शेख आल्या. कंपनी वगैरे काही नाही. भावाच्या चष्म्याच्या दुकानासाठी त्यांनी स्वतःच एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं, ते आता आणखी दोन-चार दुकानांत चालत होतं. पडदा साधा, आलेख नाहीत. तात्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"चाचा," शबानाबाई म्हणाल्या, "भावाच्या दुकानात बी हेच व्हायचं. तोडीला गेलेल्यांचे चष्मे पडून राहायचे. मी त्यांच्यासाठी एक वेगळा खण केला, पण त्याला नाव काय द्यावं ते सुचलं न्हाई. तुमी सांगा, आत्ता लिहिते."

तात्यांनी डोळे मिटले. कारखान्याच्या वार्षिक सभेचा मसुदा करताना ते असेच बसत असावेत. "'गावाबाहेर' लिहा," ते म्हणाले. "आणि त्याच्याखाली 'परत येणार'."

"चाचा, परत येणारच, हे आपल्याला काय माहीत?"

"न्हाई आले तर दुकान कुणासाठी टाकलंय?"

शबानाबाई हसल्या आणि त्यांनी तसंच लिहिलं. शिवाय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या मेसेजऐवजी बोललेला निरोप फोनवर पाठवता येत होता. तात्या एकदम उभे राहिले. "सूचक, शबानाबाई. अनुमोदक?"

माझ्याआधी रोहिणीचा हात वर गेला. तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि लातूरला फोन करायला बाहेर गेली. नाही म्हणून सांगायला.

निरोप तात्यांच्याच आवाजात भरला. "नमस्कार. सिरसाळ्याहून तात्या बोलतोय. तुमचा चष्मा तयार हाय. घाई न्हाई, पण या." पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. लोक त्या आवाजाशी बोलत, ख्यालीखुशाली विचारत, आणि तात्या उत्तर न देता तेच तेच म्हणतात म्हणून रागावत. "तात्याला लई गुर्मी आली," असं बाजारात झालं.

एक दिवस दुकानात फोन वाजला. केराबाईंचा होता. केराबाई आमच्याच गावच्या, वयाने थकलेल्या. स्वतः तोडीला जात नसत, पण लेक-जावयाच्या टोळीबरोबर जाऊन कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, नातवंडं सांभाळत.

"भाऊ, चष्मा तयार हाय म्हंता," त्या म्हणाल्या, "पण आमी हाव कोल्हापूरच्या अलीकडं. गावाकडं यायला अजून लई अवकाश हाय. तांदळातले खडे दिसंना झालेत. जावई जेवताना काही बोलत न्हाई, पण दाताखाली आला की आवाज येतोय हो."

तात्यांनी फोन ठेवला. पडद्यावर 'गावाबाहेर'च्या खणातली नावं बघत बसले. मग म्हणाले, "मास्तर, माणसं तिकडं आणि चष्मे इकडं. हे कसलं दुकान?"

नाताळची सुट्टी होती. रोहिणीने प्रत्येक चष्मा नावाच्या चिठ्ठीसह बांधून दिला, कानामागे काडी कशी वाकवायची ते तात्यांना शिकवलं, आणि आम्ही एसटीत बसलो.

टोळी उसाच्या फडाकडेला उतरली होती. उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्यांची रांग, समोर चुली, बैल. तिकडे पाणी पाटातून वाहत होतं. ते बघून तात्या घटकाभर थबकले. तोडणारी माणसं फडात होती. कोपीसमोर केराबाई आणि पोरं.

तात्यांनी स्वतःच्या हाताने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, काड्या सरळ केल्या. "बगा आता."

केराबाईंनी आधी नातवाकडे पाहिलं आणि त्याचा शेंबूड पदराने पुसला. मग हाताच्या रेषा पाहिल्या. मग तात्यांकडे. वाकताना तात्यांचं उपरणं बाजूला सरकलं होतं.

"अगं बाई. भाऊ, सदऱ्याचं बटण कुठंय तुमचं?"

तिथे सेफ्टी पिन होती. जुनी, गंजलेली, कापडावर तांबूस डाग पडलेली. तात्यांनी घाईने उपरणं ओढलं. "हाय की. चालतंय."

"चालतंय म्हंजी? बसा खाली." केराबाईंनी पोराला आत पिटाळून सुईदोऱ्याचा डबा आणवला. डब्यात वेगवेगळ्या रंगांची बटणं होती, त्यातल्या त्यात पांढरं दिसणारं निवडलं. सुई उजेडात धरली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला, तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या.

तात्या म्हणाले, "अहो, पण आधी..."

"गप बसा. अंगावरचं शिवताना बोलू न्हाई." त्यांनी पाचटाची एक काडी मोडून तात्यांच्या तोंडात दिली. "ही धरा दातात."

तात्या बसले. मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. केराबाई जवळ बसून एकेक टाका घालत होत्या. मध्येच सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "घरी बगाया कुणी न्हाई का हो?"

काडी दातात धरून तात्यांनी मान हलवली. नाही.

"हं," केराबाई म्हणाल्या आणि शिवत राहिल्या.

मग त्यांनी दातांनी दोरा तोडला, बटणावर अंगठा फिरवून पाहिला. "झालं."

तात्या हलले नाहीत. ते पाटाच्या पाण्याकडे बघत होते.

"भाऊ, झालं की," केराबाई पुन्हा म्हणाल्या. "काढा आता काडी."

तात्यांनी मान डोलावली. काडी मात्र त्यांनी बराच वेळ तशीच धरून ठेवली.