फुटक्या घंटेचा दाखला

जे मोजता येत नाही ते जपता येत नाही, हे सत्य जगातल्या सर्व शासनांना मान्य आहे. क्रीट बेटावरच्या आनोक्राया या डोंगरी गावाला आपलं दोन ओळींचं गाणं जपायचं होतं. प्रत्येक ओळीत पंधरा अक्षरं, शेवटी यमक, आणि मधल्या जागेत खोटं बोलायला पूर्ण मुभा. गावात लग्नं या दोन ओळींनी जमतात, भांडणं त्यांनीच लागतात, आणि चीज खारट झालं तर तक्रारही त्यांच्यातच होते.

नगराध्यक्ष याकुमिस यांनी सभेत तर्क मांडला तो असा: जपायचं तर मोजायला हवं. मोजायचं तर आधी खरं आणि खोटं वेगळं करायला हवं. (खोटं मोजण्यात अर्थ नाही, ते संपत नाही.) आणि वेगळं करायचं तर कार्यालय हवं. त्यानुसार जुन्या टपालघरात ‘अलंकार पडताळणी कार्यालय’ सुरू झालं. टेबल एक, खुर्ची एक, शिक्का एक. तराजू महिन्याभराने आला.

निरीक्षक म्हणून आर्गिरोची नेमणूक झाली. वय चोवीस, ध्वनिशास्त्रातली पदवी, स्वभाव काटेकोर. शिकून गावात परत आलेली ती एकटीच असल्यामुळे निवड एकमताने झाली. पण ही नोकरी घेण्यामागे तिचं एक खासगी कारण होतं.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या संताच्या सणाला तिचे वडील पोलिदोरोस मांडीवर लिरा हे तंतुवाद्य घेऊन गात होते. त्यांचा जिवलग मित्र मानूसोस, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आर्गिरोला हातात धरणारा तिचा धर्मबाप, रकी या दारूचा पेला उंचावून उठला आणि सगळ्या गावादेखत म्हणाला:

पोलिदोरोस गातो जशी घंटा तडकली,
मेंढीसुद्धा ऐकून रडली, वाट चुकली.

गाव पंधरा मिनिटं हसलं. पोलिदोरोसने लिरा खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. त्या दिवसापासून तो मानूसोसशी बोलत नव्हता आणि गातही नव्हता. आता आनोक्रायाचा रिवाज असा की दोन ओळींनी झालेली जखम दोन ओळींनीच भरते, आणि त्या ओळी ज्याला लागलं त्यानेच म्हणायच्या असतात. गद्यात माफी मागणं म्हणजे दुसऱ्यांदा अपमान करणं. मानूसोसने तरीही पहिल्याच वर्षी गद्यात माफी मागून पाहिली होती. त्याने प्रकरण चिघळलं.

आर्गिरोचा हिशेब सरळ होता. ती उपमा खोटी आहे असं शासकीय पातळीवर सिद्ध झालं, तर अपमान मुळातच रद्द होतो.

पण आधी नियम. ते तिने दोन रात्री जागून लिहिले आणि चर्चच्या फाटकावर लावले. उपमा देताना दोन्ही वस्तूंचे नमुने सादर करावेत. ‘तुझ्यावाचून मरेन’ या आशयाच्या अर्जाला डॉक्टरची चिठ्ठी जोडावी. (असे सत्तावीस अर्ज आले. सत्तावीसही अर्जदार पुढच्या शनिवारी झांबियाच्या दुकानात गोगलगायी खाताना आढळले.) ओढा ‘खळखळतो’ म्हणण्यापूर्वी त्याचा आवाज टेपवर आणावा; ऑगस्टमध्ये ओढ्याने काहीही म्हणण्यास नकार दिला. मेंढी ‘बें’ म्हणते, या समजुतीसाठी चाळीस मेंढ्या तपासल्या. तीन म्हणाल्या. एका ओळीत एकच अक्षर चारदा आलं तर त्याला अनुप्रास नव्हे, गोंगाट समजलं जाईल. आणि ‘स’ची रास लावली की ऐकणाऱ्याला पेंग येते, हा दावा झांबियाच्या दुकानातल्या बारा म्हाताऱ्यांवर तपासला असता अकरा जण झोपलेले आढळले. (ते आधीपासूनच झोपले होते. बाराव्याला लघवीला जायचं होतं.)

पहिला अर्ज एका तरुण मधपाळाचा आला:

तुझे डोळे निळा समुद्र, मी त्यात बुडालो,
काठावर उभा होतो, तरी भिजून आलो.

आर्गिरोने मुलीच्या अश्रूंचा नमुना मागवला. (मुलगी आनंदाने रडली, पण नियमात कारणाची अट नव्हती.) खारटपणा शून्य दशांश नऊ टक्के, समुद्राचा तीन दशांश नऊ. दुरुस्तीनंतर परवाना मिळाला तो या मजकुराला:

तुझे डोळे समुद्राच्या तेवीस टक्के खारे,
मी बुडालो नाही, मला पोहता येते बरे.

अक्षरं पंधरा, यमक जागेवर, विधान निर्दोष. मुलगी आता दुसऱ्या गावात दिली आहे.

पहिल्या सहा महिन्यांचा अहवाल अभिमानास्पद होता. लग्नाच्या मागण्या नऊवरून एकवर आल्या. (तो एक परगावचा होता आणि त्याला गाता येत नव्हतं.) भांडणं मात्र एकतीसवरून चव्वेचाळीसवर गेली, कारण पूर्वी ‘अरे, गंमत केली’ असं म्हणून सुटता यायचं, आता समोरच्याच्या हातात दाखला असायचा.

“काय गं आर्गिरो,” झांबिया एकदा दुकानातून ओरडली, “माझी कॉफी विषासारखी कडू आहे म्हणाला तो याकुमिस. त्याला दाखला दिलास?”

“नमुना तपासला, काकू.”

“मग?”

“विषावर अन्याय होतोय.”

आणि मग एके दिवशी, सगळे सोपे अर्ज संपल्यावर, आर्गिरोने अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन ओळी चौकशीला घेतल्या. गोठ्यातून एक तडकलेली घंटा आणली आणि ध्वनिमुद्रक घेऊन वडिलांपुढे उभी राहिली.

“बाबा, नुसतं ‘आ’ म्हणा.”

“कशाला?”

“विज्ञानासाठी.”

“विज्ञानाला सांग, मी दूध काढतोय.”

‘आ’ म्हणजे गाणं नव्हे, असं तिने लेखी दिलं तेव्हा पोलिदोरोसने तोंड उघडलं. आर्गिरोने दोन्ही आवाज आलेखावर मांडले. तडकलेल्या घंटेत एका सुराचे दोन सूर होतात, अगदी शेजारी शेजारी, आणि ते सख्ख्या भावांसारखे एकमेकांना ढुशा देत राहतात. बापाच्या घशातही नेमकं तेच चाललं होतं. तिने मोजणी तीनदा केली. साम्य एक्क्याण्णव टक्के. (उरलेल्या नऊ टक्क्यांत घंटा सरस होती.)

काटेकोर माणसाचं दुर्दैव असं की त्याला उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलता येत नाही. आर्गिरोने शिक्का मारला. उपमा खरी. त्यानंतर चार दिवस पोलिदोरोस बकरीशी बोलत होता. “हिला विचार, मीठ कुठे ठेवलंय,” असं तो बकरीला म्हणायचा, आणि बकरी तेवढ्यापुरती आर्गिरोकडे पाहायची.

याच सुमारास गावात बातमी आली. मानूसोसचे गुडघे गेले होते. मुलगी त्याला अथेन्सला नेणार होती, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जिथे लिफ्ट आहे आणि डोंगर नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची बस. म्हणजे रविवारचा सण हा शेवटचा. त्या दिवशी दोन ओळी म्हटल्या गेल्या नाहीत, तर त्या पुढे कधीच म्हटल्या जाणार नव्हत्या.

शुक्रवारी पोलिदोरोस कार्यालयात आला. टोपी हातात, दाढी केलेली. दुसरं कोणी नसतानाही तो रांगेत उभा राहिला.

“अर्जदाराचं नाव?” आर्गिरोने विचारलं.

“तुला ठाऊक नाही?”

“मला आहे. कार्यालयाला नाही.”

त्याने नाव सांगितलं आणि एक घडी घातलेला कागद पुढे सरकवला.

फुटकी घंटा अकरा वर्षं तुझ्या दाराशी,
वारा येतो, वाजवून जातो, बोलू कुणाशी?

आर्गिरोने त्या ओळी दोनदा वाचल्या. (नियमानुसार एकदा पुरे.) तिने पेन उचललं. घंटा: मंजूर, याच कार्यालयाचा एक्क्याण्णव टक्क्यांचा दाखला जोडलेला आहे. अकरा वर्षं: मंजूर. ‘तुझ्या दाराशी’ इथे पेन थांबलं. आपल्या उंबरठ्यापासून मानूसोसच्या दारापर्यंतचं अंतर दोनशे बारा मीटर, आणि अकरा वर्षांत अर्जदार त्या दिशेला एकदाही गेलेला नव्हता. ज्या हाताने बापाविरुद्ध खरा शिक्का मारला, त्याच हाताने बापाच्या बाजूने खोटा मारला, तर पहिलाही खोटा ठरला असता.

“बाबा, हे नामंजूर होतंय.”

“म्हणजे?”

“तुम्ही दाराशी नव्हता.”

पोलिदोरोसने टोपी हातात फिरवली. “मनाने होतो,” तो म्हणाला.

“मनाचा नमुना?”

तो वळून निघाला तेव्हा आर्गिरोला नियम नऊ आठवला. रूपक खोटं असेल तर वापरण्यापूर्वी अर्जदाराने ते खरं करून दाखवावं. (‘तुझ्यासाठी डोंगर उचलीन’ म्हणणाऱ्यासाठी हा नियम केला होता. त्याने पावाएवढा दगड आणला.) अकरा वर्षं उभं राहणं व्यवहार्य नव्हतं, पण विज्ञानात नमुना नावाची सोय असते. वर्षाला एक मिनिट.

शनिवारी दुपारी चार वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना, पोलिदोरोस गळ्यात तडकलेली घंटा बांधून मानूसोसच्या दारासमोर उभा राहिला. आर्गिरो घड्याळ आणि वही घेऊन तीन पावलांवर. सगळं अर्जाबरहुकूम होतं, फक्त वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. निरीक्षकाने वारा पुरवावा अशी तरतूद नाही, म्हणून तिने वहीने स्वतःला वारा घालायला सुरुवात केली आणि सरकत सरकत वडिलांच्या जवळ आली. उपयोग शून्य. सहा मिनिटं गेली. सातव्या मिनिटाला पोलिदोरोसने चारी बाजूंना पाहिलं आणि मान हलवली.

खडग्.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

मान पुन्हा हलली. खडग्.

“अरे, कोण आहे?”

“वारा,” पोलिदोरोस म्हणाला.

आर्गिरोच्या घड्याळात आठवं मिनिट संपलं.

“आज वारा नाहीये,” मानूसोस आतून म्हणाला.

“मला सांगू नको. मी बाहेर उभा आहे.”

“मग वाजतंय काय?”

“तू जे म्हणाला होतास ते.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, एक शिवी (गुडघ्यांना उद्देशून), आणि त्यानंतर: “मला उठवत नाही. दाराला कडी नाहीये, सात वर्षं झाली. ढकल ना, गाढवा.”

‘गाढवा’ हे रूपक विनापरवाना वापरलं गेलं, याची नोंद वहीत आहे. पोलिदोरोसने दार ढकललं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. दोन मिनिटं कमी पडल्यामुळे पडताळणी अपुरी राहिली आणि परवाना देता आला नाही. आत पुढे काय झालं याची माहिती उपलब्ध नाही. फक्त घंटा बराच वेळ वाजत होती, कारण मिठी मारताना ती काढायचं कोणाला सुचलं नाही.

रविवारी पोलिदोरोसने लिरा उचलली आणि त्या दोन ओळी सगळ्या गावादेखत, परवान्याशिवाय म्हटल्या. आवाज एक्क्याण्णव टक्के फुटका होता. मानूसोस खुर्चीवरून ओरडला, “बघा, मी काय म्हणालो होतो!” आणि ढसाढसा रडला. निरीक्षक जागेवर हजर होत्या, परंतु त्यांचे डोळे त्या वेळी कामकाजास योग्य नव्हते. खारटपणा शून्य दशांश नऊ.

सोमवारी मानूसोस गेला, घंटा घेऊन. अथेन्सच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तक्रार केल्याचं कळतं. तिथे वारा भरपूर आहे.

कार्यालय अजून चालू आहे. यंदाच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर सर्वसाधारण सूचना आहे ती अशी: हा वृत्तान्त वाचत असताना ज्या वाचकांना एखादं विशिष्ट दार आठवलं, त्यांनी आपल्या उंबरठ्यापासून त्या दारापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजून कळवावं. वाऱ्याची वाट पाहू नये. (‘मला असं कोणतंच दार आठवलं नाही’ हे विधान अतिशयोक्ती या सदरात तपासलं जाईल.)