हनीफचाचांचं मलम

हनीफचाचा आधी टायरकडे बघायचे, माणसाच्या तोंडाकडे नंतर. मी सायकल घेऊन दूध संघाच्या आवारात शिरलो की ते उकिडवे बसायचे, टायरच्या कडेवर अंगठा दाबायचे, अंगठा नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "कागदवाले, तुझं टायर तहानलंय बे. क्रांती कशावर बसून आणणार?"

कागदवाले म्हणजे मी. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. वडिलांनी मला अक्षरं पत्रकांवरून शिकवली. "जाहीर निषेध" हे मी लिहिलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे कुठेही उभा राहिलो तरी कशाचा निषेध करता येईल हे मी आधी बघतो. दुष्काळाच्या त्या वर्षी तर उसंतच नव्हती. तालुक्यात चारा छावण्या लागलेल्या, टँकर दोन दिवसांआड येणार म्हणायचा आणि चौथ्या दिवशी यायचा. संघाचे दुधाचे कॅन गाडीत रिकामेच खडखडत होते.

कागदोपत्री चाचा संघाचे सफाई कामगार. स्वतःला ते गाड्यांचा हकीम म्हणवून घ्यायचे. पॉलिश हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. त्यांच्याकडे असायचं मलम. खोक्यात तीन बाटल्या: एक टायरची, एक डॅशबोर्डची, एक कातडी सीटची. तिन्ही ते बीडला जाऊन, दुकानदाराशी भांडून, वास घेऊन आणायचे. पाण्यासारखं आरपार आणि तेलकट दिसलं की परत. दुधासारखं पांढरं, पातळ असलं की पसंत. आणल्यावरही थेट लावायचे नाहीत. "कोपऱ्यात लावून बघ आधी," हा त्यांचा कायदा. चेअरमनच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी आजवर आजमावलेल्या मलमांचे सात-आठ ठिपके होते. एक दिवस थांबायचे, ठिपका काळा पडला का, चिकट झाला का बघायचे, मगच बाटलीला नोकरी.

दुसरा कायदा: "लावलेलं दिसलं की बिघडलं." बनियनच्या तुकड्यानं मलम जिरवायचे आणि दुसऱ्या तुकड्यानं पुसून काढायचे. डॅशबोर्ड चमकला की काचेत दिसतो आणि ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसत नाही. टायर चमकलं की छावणीची सगळी धूळ त्यालाच येऊन बसते. स्टिअरिंगला, ब्रेकच्या पायपट्टीला, टायर रस्त्याला टेकतं त्या भागाला मलमाचं बोटही लावायचं नाही. "घसरला की मेला," एवढंच त्यावरचं स्पष्टीकरण.

एकदा संघाच्या एका संचालकानं आपल्या गाडीच्या सीटला खोबरेल तेल चोपडलं. आठ दिवसांनी सीटवर मुंग्यांची रांग लागली. चाचा ती गाडी बघायला गेले, बराच वेळ मुंग्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, आता ह्यांनाच मेंबर करून घ्या. कामाला लई चांगल्या हायती."

हे सगळं मला माहीत होतं. तरी ते पत्रक मी लिहिलं.

झालं असं. छावणी बघायला मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. मी सकाळपासून छावणीच्या फाटकाशी अस्वस्थ येरझारा घालत होतो. टँकर आला नव्हता. बायका घागरी रांगेत लावून सावलीला बसल्या होत्या, म्हशी रिकाम्या हौदाला तोंड घासत होत्या. तेवढ्यात चेअरमनची गाडी आली. चारही टायर काळीभोर, ओलीचिंब. चेअरमन उतरले तर कडक पांढऱ्या कपड्यांच्या मागे हातभर ओला डाग! बायका पदराआड हसल्या. मी हसलो नाही. माझं डोकं फिरलं. चाचांचं मलम कधी चमकत नाही. म्हणजे हे पाणीच. सीटसुद्धा अजून वाळलेली नाही. पाहुण्यांसाठी गाडी धुतली, आणि इथे जनावरांना घोट नाही!

चार पावलं पुढे जाऊन टायरला बोट लावलं असतं तर? नाही लावलं. दुपारी पत्रक छापून झालं होतं: "जनावरं तहानलेली, चेअरमनची गाडी न्हालेली!" मथळ्यावर मी खूश होतो.

गर्दी संघाच्या फाटकावर गेली. चेअरमन बाहेर आले, पत्रक वाचलं, दोन मिनिटं विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "पाणी हनीफनं माझ्या परस्पर वापरलं. आजपासून त्याला काढलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चळवळीला मिळालेलं ते पहिलं यश.

संध्याकाळी ड्रायव्हर बबन मला चहाच्या टपरीवर भेटला. तोंड उतरलेलं.

"गाडी धुतलीच न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "चेअरमन म्हणले, पाहुणे येणार, जरा चकाचक कर. चाचा न्हाई म्हणले. मग मीच ती तेलकट, चमकायची बाटली आणली, टायरला मारली, सीटलाबी मारली. घाईत पुसायची राहिली. चेअरमन वळणावळणाला सीटवरनं घसरत होते."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"माझीबी नोकरी हाय ना."

मी तसाच चाचांच्या गल्लीत गेलो. वाटेत मनात तीन भाषणं तयार केली. चाचा दारात बसले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. शेजारी त्यांची घागर, कोरडी.

"टँकर येऊन गेला ना?" मी विचारलं.

"आला ना. बायांनी माझी घागर रांगेतून काढून ठिवली. बोलल्या न्हाईत कोणी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नोकरीचं सोड बे. पाणी नासणारा हनीफ म्हणतेत मला. मला!"

माझी तिन्ही भाषणं जागच्या जागी बसली. मी कसाबसा म्हणालो, "चाचा, मी खुलासा छापतो." आणि तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहून काढला. वाचून दाखवला. 'निष्पाप, कष्टकरी, व्यवस्थेचा बळी' पर्यंत आलो तेव्हा चाचांनी हात वर केला.

"लई चमक मारतो तू. म्हणून तर झालं हे. कोपऱ्यात लावून बघत न्हाईस, थेट सगळ्या गावाला चोपडतोस. पुसून काढ."

मी खोडत गेलो. ते "आणखी, आणखी" म्हणत गेले. शेवटी चारच वाक्यं उरली: गाडी धुतली नव्हती. टायरला चमकायचं पॉलिश होतं, ते हनीफचाचांनी लावलं नव्हतं. मी हात लावून बघितलं नाही. चूक माझी.

"आता एक माझं लिही," ते म्हणाले. "सीट पुसायला मी रोज एक तांब्या पाणी घेत होतो. संघाचं न्हाई. माझ्या घागरीतलं."

"चाचा, चेअरमनच्या सीटसाठी तुमच्या पिण्याचं पाणी?"

"चेअरमन पुढं बसतेत," चाचा म्हणाले. "मागच्या सीटवर कोण आडवं होतं, कधी पाहिलं का? रातबेरात तालुक्यातलं आजारी माणूस त्याच गाडीतनं बीडला जातं. माझ्या शमीमला तसंच नेलतं. कातडं तेव्हा तडकलेलं होतं. तिचा गाल त्याच्यावर. सगळ्या वाटेनं एकच म्हणत होती, टोचतंय जी. तवा मला मलम माहीत न्हवतं."

खुलाशाचं पत्रक दुसऱ्या दिवशी निघालं. आमच्यातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चळवळ माफी मागत नसते म्हणाले. मी रांगेतल्या बायकांना ते स्वतः वाचून दाखवलं, उन्हात. पुढच्या टँकरला चाचांची घागर रांगेत तिसरी होती.

चेअरमननं मात्र त्यांना परत घेतलं नाही. पत्रक आपण वाचलंच नाही, असं ते अजून सांगतात.

पण दर शुक्रवारी सकाळी संघात जायच्या आधी ती पांढरी गाडी चाचांच्या गल्लीत पाच-दहा मिनिटं थांबायला लागली. बबन बोनेट उघडून उगाच आत बघत राहायचा. मागचं दार उघडं असायचं आणि त्यातून चाचांचे पाय बाहेर आलेले दिसायचे.

एका शुक्रवारी मी तिथे पोचलो तेव्हा ते बनियनचा तुकडा घडी घालत होते. मला म्हणाले, "आडवा हो."

"मी?"

"कोपऱ्यात लावून बघतोय. हो आडवा."

मी मागच्या सीटवर आडवा झालो, गाल कातड्याला टेकवला. थंड होतं, मऊ होतं, गालाला काही चिकटलं नाही.

"टोचतं का?" चाचांनी विचारलं.

"न्हाई चाचा. टोचत न्हाई."

ते दाराला धरून उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "ऊठ आता. चप्पल लागंल सीटला."